चौदा ही क्रिया नव्हे

सेंत-आन नदी गोठली की तिच्या पाठीवर गाव वसतं.
रंगीत झोपड्या, प्रत्येकीत एक शेगडी,
जमिनीत लांबट भोक, भोकात सोडलेले दोरे.
दोऱ्याला बांधलेली काडी थरथरली
की खाली बोटभर मासा लागला.

गिस्लेन रोंप्रे या झोपड्या भाड्याने देते.
वय त्रेसष्ट. डाव्या कानाला हिवाळ्यात कमी ऐकू येतं.
बर्फ तडकायला लागलं की तिला एकच प्रश्न पडतो:
आत्ता, या घटकेला, नदीवर माणसं किती?

भाच्याने जुना लॅपटॉप दिला, त्यावर स्कीम टाकून दिली.
म्हणाला, आत्या, भाषा अगदी छोटी आहे,
व्याकरण एका पोस्टकार्डावर मावेल.
आणि शेर्ब्रूकला निघून गेला.
उरलेलं सगळं कंसात असतं
हे सांगायचं त्याच्याकडून राहिलं.

कंस.
माझ्या भाषेत हा शब्द आला की मथुरेचा मामा आठवतो,
ज्याला आठव्याची धास्ती होती.
इथे उलटंच. गिस्लेन बोट ठेवून सात मोजते,
आठवा जन्मालाच येत नाही,
आणि फाइल संपते, आ वासून.

त्याआधी दोन दिवस कंपायलर चालतच नव्हता.
तो तिचं लिहिलेलं सी भाषेत उतरवतो
आणि पुढचं काम दुसऱ्या कंपायलरवर टाकतो.
तो दुसरा यंत्रात नव्हताच.
पेपर मिलमधून निवृत्त झालेला ओदिलाँ म्हणाला,
बॉयलर पेटत नसेल तर आधी बघायचं, घरात तेल आहे का.
तेल नव्हतं. आणलं.

मग आठवा कंस मिळाला.
मग कंपायलर म्हणाला: चौदा ही क्रिया नव्हे.

गिस्लेन हसली. चौदा म्हणजे पहिल्या झोपडीतलं लग्नाचं वऱ्हाड,
क्रिया कसली, निव्वळ गोंधळ.
पण रात्री दीडला, मोजे शेगडीवर वाळत असताना,
तिला दिसलं की सुबकपणासाठी
तिने चौदाभोवती एक कंस जास्तीचा घातला होता.
आपण कंस म्हणजे कुंपण समजत होतो.
इथे कंस म्हणजे हाक.
आणि आकड्याला हाक मारली तर तो ओ कशी देणार?

कंस काढला. चालवलं.
पंखा घरघरला, लॅपटॉप तापला, मांजर येऊन त्यावर बसलं,
शेवटी निरोप आला की स्मृती संपली.
यादी पुढे सरकवायलाच ती विसरली होती.
बिचारं यंत्र अर्धा मिनिट त्याच झोपडीचं दार ठोठावत होतं,
चौदा, आणि चौदा, आणि चौदा,
वऱ्हाड वाढत वाढत नदीभर.

तिचे वडील कसे मोजायचे?
पहिल्या झोपडीत विचारायचे: तुम्ही किती, आणि तुमच्यापुढे किती?
पहिली झोपडी दुसरीला ओरडून विचारायची, दुसरी तिसरीला.
शेवटच्या दारापुढे नुसतं बर्फ.
बर्फ म्हणायचं: शून्य.
मग उत्तर परत यायचं, दारोदारी भर घालत,
वडिलांच्या हातमोज्यापर्यंत.

हे तिला सात वर्षांची असल्यापासून येत होतं.
फक्त कंसात मांडता येत नव्हतं.

पहाटे चारला पडद्यावर आलं: बत्तीस.
तिने पेन्सिलने ताडून पाहिलं. चौदा, तीन, सहा, शून्य, नऊ.
बत्तीस.
ओठ आवळून ती खिडकीशी गेली,
बाहेर उणे सव्वीस, नदी निळी.

चौथ्या झोपडीच्या धुराड्यातून धूर.

यादीत तिथे शून्य होतं. तिनेच लिहिलेलं.
ती कोट चढवून, बूट अर्धे बांधून निघाली.
आत ओदिलाँ, उशाला माशांची पिशवी घेऊन घोरत,
भाडं न देता.

कंपायलरने याबद्दल काहीच तक्रार केली नव्हती.
दाराशी उभी राहून ती मोठ्याने म्हणाली: तेहतीस.
आणि चांगल्या कानाने ऐकत राहिली,
बर्फ कुठे तडकतंय का.